उन्मादाचीं पूर्वरूपें

पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि आंबेगांव हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. पश्चिमेकडे नाणेघाट, आहुपें, भीमाशंकर अशा पावसाच्या माऱ्यांतील डोंगराळ वस्त्या. तेथें महादेव कोळ्यांचीं घरें पुष्कळ. पूर्वेकडे नारायणगांव-मंचरच्या बाजूस कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस, द्राक्षें, टोमॅटो, आणि पुणें-नाशिक रस्त्यावरील अखंड रहदारी. २०११ च्या खानेसुमारींत दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या ६ लाखांहून अधिक भरली. स्किझोफ्रेनिया नांवाचा आजार जगांत सरासरीनें ३०० माणसांत एकास असतो, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो हिशेब येथें लावला तर या दोन तालुक्यांत सुमारें २,००० माणसांना तो असला पाहिजे. आणि त्यांपैकीं बहुतेकांना तो पंधरा ते तीस वर्षांच्या दरम्यान जडला असला पाहिजे. मुलगा बारावीच्या परीक्षेस बसतो, ट्रॅक्टर हातीं घेतो, मुलीच्या लग्नाची बोलणीं सुरू होतात, तेंच हें वय.

हा आजार सहसा एका रात्रींत येत नाहीं. डॉक्टर लोक ज्यास सायकोसिस म्हणतात तो चित्तभ्रम, म्हणजे नसलेले आवाज ऐकूं येणें, कोणी आपला घात करीत आहे असा कशानेंहि न हलणारा संशय, बोलण्याचा धागा तुटणें, हा सर्व पुढचा भाग होय. त्याच्या आधीं महिनेच्या महिने, कधीं वर्षें, घरच्यांच्या लक्षांत कांहीं तरी येत असतें. मुलगा पहाटेपर्यंत जागा राहतो व दिवसा निजतो. मित्र एकेक करून तुटतात. आंघोळीचा कंटाळा, अभ्यासाचा कंटाळा. जेवतांना हात मध्येंच थांबतो. ओट्यावर दोघे जण बोलत उभे राहिले तर तें आपल्याचविषयीं असावें, असें त्यास वाटूं लागतें. आई म्हणते, ‘याचें मन थाऱ्यावर नाहीं.’ आजी म्हणते, ‘बाहेरचें कांहीं लागलें असेल.’ वडील म्हणतात, ‘दोनाचे चार हात करून द्या, येईल वळणावर.’ या तीन वाक्यांत निरीक्षण एकच आहे, आणि तें बहुधा खरें असतें. निदानें मात्र तीन आहेत. आणि तिसऱ्या निदानानें तर एका माणसाच्या दुःखांत दुसरें एक निरपराध माणूस ओढलें जातें.

आजार उघड होण्यापूर्वीं तो ओळखतां येईल काय, हा प्रश्न आधुनिक वाटतो. परंतु तो फार जुना आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानांतील सातवा अध्याय उन्मादावर आहे, व त्यांत रोगाचीं लक्षणें सांगण्यापूर्वीं त्याचीं पूर्वरूपें दिलेलीं आहेत. डोकें रितें वाटणें, डोळे अस्वस्थ होणें, कानांत नाद, अन्नावरील वासना उडणें, कारण नसतां चिंता, थकवा, संमोह आणि उद्वेग, शिवाय स्वप्नें. त्या स्वप्नांत मनुष्य तेल्याच्या घाण्याच्या चाकावर चढतो, वावटळींत घुसळला जातो, गढूळ पाण्याच्या भोवऱ्यांत बुडतो. आजच्या डॉक्टरांच्या यादीशीं ही यादी शब्दशः जुळत नाहीं, व जुळावी अशी अपेक्षाहि नको. यांतील कांहीं लक्षणें तर साध्या अजीर्णाचींहि आहेत. परंतु वेडास उंबरठा असतो, आणि मनुष्य त्या उंबरठ्यावर असतांनाच वैद्यानें त्यास पाहावें, ही कल्पना आपल्याकडील परंपरेंत प्राचीन काळापासून आहे, एवढें यावरून निश्चित होतें.

मराठी भाषेनें या उंबरठ्यावर पुष्कळ शब्द ठेवले आहेत. घुम्या, एककल्ली, तंद्रींत असलेला, हरवलेला, भ्रमिष्ट, चळलेला, पिसा. यांत चढती पायरी आहे, आणि गांवांतील कोणतीहि शहाणी बाई ती पायरी चुकत नाहीं. तेराव्या शतकांत ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडा म्हणत, आणि तेच लोक त्यांच्या पायांहि पडत. अशा समजुतींमुळें वेड्या माणसाला समाजांत कांहीं जागा मिळाली खरी. उपचार मिळाला असें मात्र नव्हे. दुसऱ्या बाजूस मुंजा, आसरा, जखीण, खवीस यांचा फेरा होता, आणि त्या फेऱ्यांत सांपडलेल्यांस धुरी, चाबूक व सांखळी यांचा प्रसाद मिळे. भूत उतरविण्याच्या मिषानें मारहाण करणें किंवा बांधून ठेवणें हा महाराष्ट्रांत गुन्हा ठरण्यास २०१३ साल उजाडावें लागलें.

इंग्रजी अमदानींत दृष्टि बदलली. पण ती उंबरठ्याकडे न वळतां थेट कोठडीकडे वळली. १८५८ च्या कायद्यानें वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावून दिली, आणि तेथें जाण्याचा मार्ग मुख्यतः पोलीस व मॅजिस्ट्रेट यांच्या दारांवरून नेला. नागपुरास १८६४ त, रत्नागिरीस १८८६ त, ठाण्यास १९०१ त आणि येरवड्यास १९१५ त अशीं इस्पितळें उभीं राहिलीं. जुन्नर-आंबेगांवच्या वांट्यास येरवडा आला, व ‘येरवड्याला पाठवीन’ ही धमकी पुणें जिल्ह्याच्या बोलींत कायमची रुजली. हा मनुष्य धोक्याचा आहे काय, अथवा बेवारशी भटकतो काय, एवढेंच कायदा विचारी. हें त्यास केव्हां सुरू झालें, त्याआधीं तो कसा होता, घरच्यांना प्रथम काय दिसलें, हें विचारण्याचें कोणास कारणच नव्हतें.

अशा दप्तराची किंमत काय, तें एका चौकशींत उघडें पडलें. गांजा-भांगेचे परिणाम तपासण्यासाठीं सरकारनें १८९३ सालीं एक कमिशन नेमलें. त्याचा अहवाल १८९४ त तयार झाला. कमिशननें १८९२ सालीं हिंदुस्थानांतील इस्पितळांत दाखल झालेल्या रुग्णांचीं टिपणें पुन्हा तपासलीं. २२२ जणांच्या नांवापुढें वेडाचें कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेली होती. चौकशीअंतीं त्यांपैकीं ९८ जणांच्या बाबतींतच त्या कारणास कांहीं आधार सांपडला. उरलेल्यांचें कारण बहुधा कोणा शिपायानें ऐकीव माहितीवर सांगितलें, मॅजिस्ट्रेटच्या कागदांत तें उतरलें, आणि इस्पितळाच्या वहींत जाऊन तें शास्त्र होऊन बसलें. यावरून गांजा निर्दोष ठरला असें कोणीं समजूं नये. कोंवळ्या वयांत रोजच्या रोज कडक गांजा ओढणारांस चित्तभ्रमाचा धोका वाढतो, हें अलीकडील संशोधनांत वारंवार आढळलें आहे. पण सरकारी वहींतील कारण आणि घरांतील हकीकत यांत किती अंतर असतें, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

युरोपांतहि प्रथम शेवटाकडूनच आरंभाकडे पाहिलें गेलें. क्रेपेलिन या जर्मन वैद्यानें १८९६ च्या सुमारास या आजाराचें जें नांव रूढ केलें त्याचा अर्थच मुळीं ‘अकालीं आलेला बुद्धिनाश’ असा; म्हणजे नांवांतच निकाल लागलेला. ब्लॉयलरनें १९०८ सालीं स्किझोफ्रेनिया हा शब्द दिला, आणि निकाल थोडा सैल झाला. पुढें १९२७ सालीं हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकन डॉक्टरानें आपल्या व्यवसायबंधूंस एक खडा सवाल टाकला: मनोवैद्य शेवटाला पोंचलेले रुग्ण फार पाहतात आणि आरंभीचे फार थोडे, मग आजार टळावा कसा?

आरंभीचे रुग्ण बारकाईनें पाहण्याची संधि क्लाउस कोनराट या जर्मन डॉक्टरास दुसऱ्या महायुद्धांत मिळाली. लष्करी इस्पितळांत आलेले तरुण शिपाई. कालपरवांपर्यंत कवायत करीत असलेले, आणि आतां कशाच्या तरी भीतीनें ग्रासलेले. त्यांवरील त्याचा ग्रंथ १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. चित्तभ्रम उघड होण्यापूर्वींच्या अवस्थेस त्यानें जो शब्द योजला तो नटांच्या बोलींतला आहे: रंगभूमीवर पाऊल टाकण्यापूर्वींची धडधड. कांहीं तरी घडणार आहे, सगळे आपल्याकडे पाहणार आहेत, पण काय घडणार तें ठाऊक नाहीं. नारायणगांवास पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात व गांवोगांवचे पुढारी सुपाऱ्या देण्यास येतात. त्या राहुट्यांतील नवख्या पोरीला हा शब्द कोणीं समजावून सांगावा लागणार नाहीं. भेद इतकाच कीं तिची धडधड ढोलकीचा पहिला तोडा वाजतांच ओसरते. या तरुणांची ओसरत नाहीं, आणि शेवटीं मनच त्या भीतीला एखादें खोटें कारण पुरवितें. तें कारण मिळालें कीं रुग्णास क्षणभर हायसें वाटतें, असें कोनराटचें निरीक्षण आहे. संशयाची मुळी इतकी घट्ट कां धरते, तें यावरून थोडेंबहुत कळतें.

या निरीक्षणांचें दवाखान्यांत रूपांतर झालें तें १९९४ सालीं, ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं. पॅट्रिक मॅकगोरी, ॲलिसन युंग व त्यांचे सहकारी यांनीं अद्यापि चित्तभ्रम न झालेल्या, परंतु त्याच्या वाटेवर असूं शकणाऱ्या तरुणांसाठीं दार उघडलें. आंत घेण्याच्या तीन कसोट्या ठरल्या. पहिली, सौम्य लक्षणें: आवाज आल्यासारखें वाटतें, पण तो भास असावा अशी शंका रुग्णास स्वतःसच असते. दुसरी, खरीखुरी लक्षणें, परंतु आठवड्याच्या आंत आपोआप नाहींशीं झालेलीं. तिसरी, घरांत आईबाप किंवा भावंडांपैकीं कोणास हा आजार, आणि त्याच्या जोडीला अलीकडे शाळेंत वा कामांत झालेली स्पष्ट घसरण. घराण्याचा उल्लेख ऐकून पुष्कळांच्या छातींत धस्स होतें, म्हणून हें सांगितलें पाहिजे कीं आई किंवा बाप यांपैकीं एकास स्किझोफ्रेनिया असला तरी दहा मुलांपैकीं सुमारें नऊ जणांना तो होत नाहीं.

आरंभीं निकाल थक्क करणारे आले. मेलबर्नच्या पहिल्या तुकड्यांत दर पांचांपैकीं सुमारें दोघांना वर्षाच्या आंत चित्तभ्रम झाला. एवढें अचूक भाकीत मानसशास्त्रांत दुर्मिळच. पण दवाखाने वाढले तसे आंकडे उतरले. २०१२ सालीं २७ पाहण्यांतील सुमारें २,५०० तरुणांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला: वर्षाअखेर २२ टक्के, तीन वर्षांअखेर ३६ टक्के. त्यानंतरच्या मोठ्या हिशेबांत तीन वर्षांचा आंकडा सुमारें २५ वर आला. म्हणजे ज्यांना ‘धोक्यांत’ म्हटलें त्या चौघांपैकीं तिघे तीन वर्षांत त्या वाटेनें गेलेच नाहींत. पुष्कळांना खिन्नता किंवा चिंता यांचा त्रास राहिला, कित्येक साफ बरे झाले. यामुळेंच २०१३ सालीं अमेरिकेंतील मनोवैद्यांनीं रोगांची नवी यादी केली तेव्हां ही अवस्था रोग म्हणून न घेतां पुढील अभ्यासाच्या प्रकरणांत ठेवली. तो निर्णय शहाणपणाचा होता. आजार न झालेल्या मुलाला आजाराचें नांव देणें ही साधी चूक नव्हे.

उपायांचा इतिहासहि असाच गर्वहरण करणारा आहे. व्हिएन्ना येथें २०१० सालीं माशांच्या तेलानें धोका पुष्कळ कमी झाल्याचें दिसलें, आणि मोठा गाजावाजा झाला. २०१७ सालीं अनेक देशांतील ३०४ तरुणांवर तोच प्रयोग झाला. तेलाचा कांहीं विशेष गुण दिसला नाहीं. चित्तभ्रमावरील प्रबळ औषधें आधींच सुरू करावीं, असेंहि आतां कोणी सहसा सुचवीत नाहीं. जे उरतें तें साधें आहे: झोंप सुधारणें, गांजा-दारू सोडविणें, शाळा किंवा काम सुटूं न देणें, संशयाची उलटतपासणी स्वतःच करण्यास शिकविणारें संभाषण, आणि दर महिन्यास भेटून लक्ष ठेवणें. आजार झालाच तर तो पहिल्या आठवड्यांत हातीं लागतो, सहाव्या महिन्यांत नव्हे, हा याचा सर्वांत मोठा लाभ.

ही कसोटी जशीच्या तशी उचलून शिवनेरीच्या पायथ्याशीं आणली तर मात्र फसगत होईल. ‘कोणी तरी आपल्यावर नजर ठेवून आहे असें वाटतें काय?’ हा तिच्यांतील एक नेहमींचा प्रश्न. जुन्नर वनविभागांत बिबट्यानें उसालाच घर केलें आहे. २००१ नंतरच्या कांहीं वर्षांत माणसांवरील हल्ले इतके वाढले कीं पकडलेल्या बिबट्यांसाठीं माणिकडोह येथें निवारा चालवावा लागला. तिन्हीसांजेस उसाच्या बांधावरून येणारी बाई या प्रश्नाला ‘होय’ म्हणाली तर ती शहाणी आहे, आणि ‘नाहीं’ म्हणाली तर तिची काळजी करावी! दुसरा प्रश्न: ‘आकाशांतून येणारे संदेश यंत्रें पकडतात असें वाटतें काय?’ जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड तबकड्या नेमकें तेंच काम करीत उभ्या आहेत. तेथील मुलानें हें सांगितलें तर तें भूगोलाचें ज्ञान ठरेल. तो संदेश आपल्या एकट्यासाठीं आहे असें तो म्हणूं लागला, आणि त्यापायीं शाळा सुटली, तर गोष्ट निराळी. जत्रेंत अंगांत येतें तेंहि असेंच. तें ठराविक स्थळीं, ठराविक वेळीं, चारचौघांच्या संमतीनें येतें, आणि हलगी थांबल्यावर उतरतें. तीच बाई दुसऱ्या दिवशीं खुरपणीस जाते. आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर ३० जुलै २०१४ रोजीं डोंगर कोसळला व १५१ माणसें गेलीं. अशा गांवांत कोणी गेलेल्या आईची हांक ऐकूं आल्याचें सांगितलें, तर तो शोक आहे. शोकांत असें पुष्कळांना होतें. हे भेद प्रश्नपत्रिकेला कळत नाहींत. ते तेथील माणसाला कळतात.

आणखी एक हिशेब शहरांतील उत्साही मंडळींनीं ध्यानांत घ्यावा. दवाखान्यांतील चौथाईचा आंकडा आपण होऊन मदत मागावयास आलेल्यांचा आहे. घरोघर जाऊन विचारूं लागल्यास चित्र पालटतें. सामान्य लोकांत शंभरापैकीं पांच-सात जणांना केव्हां ना केव्हां असे भास होतात, आणि बहुतेकांचे आपोआप जातात. या भागांतील एक लाख तरुणांना प्रश्न विचारले तर पांच ते सात हजार नांवें निघतील. आणि जगाच्या सरासरीनें पाहिल्यास दोन्ही तालुक्यांत मिळून स्किझोफ्रेनियाचे नवे रुग्ण वर्षास शंभराच्या आसपास निघावेत. शंभरांसाठीं हजारांच्या कपाळीं खूण करावयाची! जेथें सोयरिकीपूर्वीं मामाच्या व आत्याच्याहि गांवीं चौकशी होते, जेथें एका मुलाच्या आजारानें त्याच्या बहिणीचें स्थळ मोडतें, तेथें त्या यादीचा कागद आजारापेक्षां अधिक घरें उद्ध्वस्त करील.

यादी करूं नये, तर करावें काय, याचा मार्ग या देशांतच थोडाफार आंखला गेला आहे. १९७५ पासून चंडीगडच्या डॉक्टरांनीं हरयाणांतील रायपूर राणी या ग्रामीण भागांत, आणि १९८५ पासून बंगलोरच्या संस्थेनें कर्नाटकांतील बळ्ळारी जिल्ह्यांत, प्राथमिक आरोग्यकेंद्राचे डॉक्टर व खेड्यांतील आरोग्यसेवक यांना मनाचे आजार ओळखावयास शिकविलें. १९९६ पासून जिल्हावार कार्यक्रम त्याच नमुन्यावर सुरू झाला. येरवड्याचें दार ठोठावण्याआधीं घोडेगांव किंवा मंचर येथेंच कोणी ऐकून घेणारा भेटावा, ही त्यामागची कल्पना. २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर टेलिफोननेंहि सरकारी सल्ला मिळतो. खास दवाखान्यांची मर्यादाहि आतां कळून चुकली आहे: दक्षिण लंडनमध्यें प्रथमच चित्तभ्रम झालेल्या रुग्णांपैकीं अवघे ४ टक्के आधीं तेथील धोक्याच्या दवाखान्यांत येऊन गेलेले आढळले. बाकीचे ९६ कोणाला दिसले असतील? आईला, वर्गशिक्षकाला, खोलींत राहणाऱ्या सोबत्याला.

त्या माणसांपर्यंत पोंचण्याचा एक प्रयत्न नॉर्वे देशाच्या रोगालँड प्रांतांत झाला. १९९७ पासून तेथें वर्तमानपत्रें, नभोवाणी व चित्रपटगृहें यांतून लोकांना चित्तभ्रमाचीं पहिलीं चिन्हें साध्या भाषेंत सांगण्यांत आलीं, आणि कोणींहि बोलवावें, चिठ्ठीचपाटीशिवाय यावें, अशी डॉक्टरांची एक तुकडी तयार ठेवली. चित्तभ्रम सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत जो काळ फुकट जातो, तो या प्रांतांत निम्म्या रुग्णांच्या बाबतींत पांच आठवड्यांच्या आंत आला. तुलनेसाठीं घेतलेल्या दुसऱ्या भागांत तो सोळा आठवडे होता. चार वर्षांनीं प्रचार थांबविला. डॉक्टरांची तुकडी तशीच होती, टेलिफोन तोच होता. तरीहि तो काळ पुन्हा पंधरा आठवड्यांवर गेला.